वाचकांचे प्रश्न : रविवारी अकरा माणसं

प्रश्न

आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

मी वणीकडच्या एका खेड्यात सेवा करतो. गावाचं आणि माझं नाव छापू नये ही विनंती. इथे येऊन नऊ वर्षं झाली. आलो तेव्हा मंडळीत सात घरं होती. दोन घरं बुटीबोरीला कंपनीत कामाला गेली, एक पुण्याला गेलं. मागच्या वर्षी आणखी एका घराने येणं बंद केलं. त्यांचे वडील आजारी होते आणि मी भेटायला दोन दिवस उशिरा गेलो. मी स्वतः तापात पडून होतो, पण ते कुणाला सांगणार? मी पोचलो तेव्हा म्हातारबा गेलेले होते. आता रविवारी ११ माणसं बसतात, त्यात चार माझ्याच घरची. वेचणीच्या दिवसांत पाच-सहाच. एक आजी पाच किलोमीटरवरून पायी येतात, पण त्यांना ऐकू येत नाही.

शहरातल्या एका मंडळीकडून दर महिन्याला थोडी मदत यायची. मार्चपासून ती थांबली, कारण कळलं नाही. बायको वेचणीला जाते, रात्री शिवणाची मशीन चालवते. ओळखीच्या माणसाने जिनिंगमध्ये हंगामापुरतं काट्यावर काम देऊ केलं आहे. ते घेतलं तर लोक म्हणतील, पास्टरने सेवा सोडली. फोनवर मोठमोठ्या सभांचे व्हिडिओ येतात, मांडवात पाय ठेवायला जागा नसते. ते पाहिलं की फोन पालथा ठेवतो. बुटीबोरीला गेलेल्या घरची सून अजून रात्री फोन करून प्रार्थना करायला लावते. तिच्यासाठी प्रार्थना होते. स्वतःसाठी मागायला बसलो की तोंडून शब्द निघत नाही. शास्त्र उघडतो, नुसती अक्षरं दिसतात. संदेश जुन्या वहीतूनच सांगतो.

शेजारी एक माळकरी काका आहेत. आमच्या उपासनेला येत नाहीत, पण दर संक्रांतीला तुरीची डाळ आणून देतात आणि घटकाभर बसतात. मागे म्हणाले, "तुमी हाय म्हनून ह्या टोकाले रात्री दिवा दिसते." मला त्यांच्यापुढे लाज वाटली.

मुलगी दहावीत आहे. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसरं काही काऊन नाही करत?" मी पाणी प्यायलो आणि उठलो.

सेवकांच्या एका मेळाव्यात यातलं थोडं बोललो. एकाने सांगितलं, "विश्वास कमी पडतो, भाऊ. उपास करा." तीन दिवस केला. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन ओसरीवर पडलो. रात्री दोनला जाग येते ती येतेच. कधी वाटतं, सकाळ होऊच नये.

एखादं वचन द्या, ज्याला धरून मी थांबू शकेन. आणि खरं सांगा, सेवा सोडावीशी वाटणं हे पाप आहे का?

— एक सेवक, यवतमाळ जिल्हा

उत्तर

प्रिय भाऊ, सप्रेम सलाम.

या महिन्यात चार पत्रं होती. बाकीची तीन पुढच्या अंकात घेईन. तुमचं पत्र थांबवून ठेवण्यासारखं नाही.

तुम्ही वचन मागितलंत, ते देतो. पण आधी दुसरं बोलू. "सकाळ होऊच नये" हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात मी ज्या ज्या घरी मयतीला जाऊन बसलो, त्यातल्या काही घरांत मागाहून कुणीतरी हळूच सांगायचं, "असं काहीसं म्हणत होता जी, आमी मनावर घेतलं नाही." म्हणून मी मनावर घेतो. या आठवड्यात दवाखान्यात जा. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. डॉक्टरला नुसती चक्कर सांगू नका. रात्री दोनची जाग सांगा, आणि सकाळबद्दल मला जे लिहिलंत तेही सांगा. रात्री फारच जड झालं तर बायकोला उठवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस म्हणतात त्याला. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलतात. पाळकाने असा फोन करावा का, असं मनात येईल. प्रेषित पौलाच्या शेवटच्या पत्रात, सगळे सोडून गेल्यावर, "लूक मात्र माझ्याजवळ आहे" असं एक वाक्य आहे. तो लूक वैद्य होता.

आणि आता काही दिवस उपास नको. हे मी पाळक म्हणून सांगतो आहे.

१ राजे १९ तुम्ही किती वेळा शिकवला असेल! तरी या वेळी संदेशासाठी नको, तुमच्यासाठी वाचा. कर्मेल डोंगरावर अग्नी पडला, तीन वर्षांचा दुष्काळ फिटून पाऊस आला, आणि लगेच ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा निरोप आला. तेवढ्या निरोपावर संदेष्टा एलीया बैर-शेब्यापर्यंत पळाला. चाकराला तिथे ठेवलं, एकटाच रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे झालं, माझा जीव घे. मग झोपला. देवाने दूत पाठवला. दूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया जेवला आणि परत निजला. दूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच : ऊठ, खाऊन घे, वाट लांबची आहे. तुझा विश्वास कुठे गेला, काल तर एवढा मोठा चमत्कार पाहिलास, असं एक अक्षर तो बोलला नाही. मग ४० दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, मग वारा, भूकंप, अग्नी, आणि सगळ्यांच्या शेवटी तो मंद स्वर. आधी झोप, मग भाकर, परत झोप, परत भाकर. देवाचं बोलणं त्यानंतर. तुम्हाला मेळाव्यात याच्या नेमकं उलटं सांगितलं गेलं.

आणखी एक. जो मरण मागत होता, त्याला देवाने मरण दिलंच नाही. २ राजे २ काढून पाहा, तो वावटळीतून वर गेला. झुडपाखालची ती एक प्रार्थना देवाने कधीच मान्य केली नाही.

आता वचन. गलती ६:९ : "चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल." तुम्ही म्हणाल, हे तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. असतं. पण युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती तेव्हा (१९८३ ला ती पुण्याला गेली) मी तिथे शिकलो, आणि या ओळीतला एक ग्रीक शब्द तेव्हापासून माझ्यासोबत आहे. "न खचलो तर" यातलं क्रियापद आहे एकलूओ. अंगातलं बळ सुटणं, गळून जाणं. हाच शब्द मार्क ८:३ मध्ये येशूच्या तोंडी येतो. तो म्हणतो, हे लोक तीन दिवस माझ्याजवळ आहेत, यांच्याजवळ खायला काही नाही, यांना उपाशी घरी धाडलं तर वाटेत गळून पडतील. भाऊ, तीन दिवस! तुमच्या पत्रातही तेवढेच दिवस आहेत. आणि गळून पडणाऱ्या त्या माणसांना येशूने आणखी एक दिवस उपाशी ठेवलं नाही. सात भाकरी होत्या, त्या मोडून वाढल्या. गलतीकरांस लिहिताना पौलाच्या मनात मार्कातली ही गोष्ट होती असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे शब्द एकच आहे, आणि त्याने मला हे शिकवलं की खचणं हे पोटाचं, पायाचं, झोपेचंही असतं.

त्याच ओळीतला दुसरा शब्द "यथाकाळी". हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण तुम्ही वावरांच्या मधोमध राहता. सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालतात. एकाच दिवशी, एकाच तिफणीने पेरणी. सोयाबीन शंभर-एक दिवसांत पिवळं पडून ऑक्टोबरात निघून जातं. त्या दिवशी बांधावर उभं राहून पाहा. रिकाम्या वावरात तुरीची ती काटकुळी तासं उभी असतात, आणि परगावचा माणूस म्हणेल की हे पीक काही साधलं नाही. तूर अंग धरते ती त्यानंतर. फुलं, शेंगा, सोंगणी, सगळं डिसेंबर-जानेवारीत. बी एकाच दिवशी पडलं, पण काळ दोघांचा वेगळा. तुमच्याकडे सोयाबीन निघून गेलेलं आहे एवढं मला दिसतं. तुरीचं मी आज सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

तुमच्या मोजणीशी मात्र मला भांडायचं आहे. एलीया होरेबावर दोनदा म्हणाला, "मी एकटाच उरलो आहे." देव म्हणाला, बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० आहेत. हे आपण नेहमी सांगतो. पण एक अध्याय मागे जा. अहाब राजाच्या घरचा कारभारी ओबद्या एलीयाला वाटेत भेटला होता. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं होतं की मी परमेश्वराचे १०० संदेष्टे, पन्नास-पन्नास करून, गुहेत लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवलं. एलीयाने ते ऐकलेलं होतं! तरी होरेबावर त्याच्या तोंडी "एकटाच". तो खोटं बोलत नव्हता. खचलेल्या माणसाला ऐकलेले शंभर आठवत नाहीत.

तुमच्याच पत्रात पाहा. अकरा लिहिलेत आणि त्यातले चार घरचे म्हणून वजा केलेत. का म्हणून? दिवसभर वेचणी करून रात्री मशीन चालवणारी बाई मंडळीत मोजायची नाही का? बुटीबोरीची सून रात्री फोन करते. तिला त्या कंपनीच्या गावात चर्च सापडत नसेल असं नाही. तिला तुमचा आवाज हवा असतो. ऐकू न येणारी आजी पाच किलोमीटर चालत येते. संदेशासाठी येत नसेल, तर कशासाठी येते हे तिला कधी विचारलंत का? विचारा. कानाजवळ जाऊन मोठ्याने विचारा, आणि ती काय म्हणते ते मला लिहा. आणि ते माळकरी काका. ओबद्या अहाबाच्या पदरी होता, एलीयाच्या टोळीतला नव्हता. काका तुमच्या अकरांत येणार नाहीत, तसा त्यांना आग्रहही करू नका. पण या टोकाला दिवा दिसतो असं ते सांगतात, तेव्हा लाजण्यासारखं काय आहे त्यात? ते खरं सांगत आहेत.

व्हिडिओंचं थोडक्यात. यिर्मया ४५ हा पाच ओव्यांचा अध्याय आहे, तो फारसा कुणी शिकवत नाही. बारूख, यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक, म्हणतो की मी कण्हून कण्हून थकलो, मला चैन नाही. देव त्याला विचारतो, तू आपल्यासाठी मोठमोठ्या गोष्टी पाहतोस काय? पाहू नको. तरुणपणी हे मला फार कठोर वाटे. मग ३६ वा अध्याय सोबत वाचला. याच बारूखाने लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीमापुढे वाचली जात होती. हिवाळा होता, शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकी. सगळी गुंडाळी जळाली. मग यिर्मयाने परत सांगितलं, बारूखाने परत लिहिलं, आणि अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे की त्यात आणखी पुष्कळ वचनं घातली गेली. आज यिर्मयाचं पुस्तक आपल्या हातात आहे त्यात त्या दुसऱ्यांदा लिहिणाऱ्या हाताचे श्रम आहेत. तुमची ती जुनी वही टाकू नका. दुसऱ्यांदा सांगितलेला संदेश शिळा होतो असं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सोडावंसं वाटणं पाप आहे का. नाही. २ करिंथ २:१२-१३ वाचा. पौल त्रोवसला सुवार्तेसाठी आला, प्रभूनेच त्याच्यासाठी दार उघडलं होतं. आणि तरी, त्याचा सोबती तीत तिथे भेटला नाही म्हणून, त्याच्या जिवाला चैन पडेना. तो त्यांचा निरोप घेऊन निघून गेला. उघडं दार मागे ठेवून! पौलाने हे लपवलं नाही, स्वतःच्या हाताने मंडळीला लिहून कळवलं. पुढे सातव्या अध्यायात म्हणतो, मासेदोनियात आलो तरी शरीराला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. आणि मग, दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आमचं सांत्वन केलं. ना दर्शन, ना स्वप्न. तीत आला. चालत आला असेल, पायाला धूळ असेल.

या ओवीचं माझ्यावर ऋण आहे, म्हणून जरा लांबून सांगतो. १९८६ चा पावसाळा. मी ३३ वर्षांचा, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सातवं वर्ष. प्रार्थनागृहावर टिनं घालायला वर्गणी जमली होती. एक वडीलधारा सदस्य चारचौघांत बोलला की पाळकाने त्यातले पैसे खाल्ले. पावत्या दाखवल्या. त्याने पाहिल्या आणि म्हणाला, "पावत्या काय, कोणीबी फाडते." मंडळी दोन ठिकाणी बसायला लागली. माझं जेवण सुटलं. एके रात्री कंदिलाजवळ अंतर्देशीय पत्रावर राजीनामा लिहिला, चिकटवला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. गावात टपालपेटी होती, पण पोस्टमन ओळखीचा, म्हणून तालुक्याला जाऊन टाकायचं ठरवलं. अडाण नदीला पूर होता. चार दिवस एसटी आली नाही. चार दिवस ते पत्र खिशात.

पाचव्या दिवशी दुपारी दिग्रसकडचे एक म्हातारे सेवक दारात उभे. डोक्यावर पोत्याची खोळ, चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. फाट्यापासून सहा किलोमीटर चालत आले होते. मी विचारलं, कसं येणं केलं? म्हणाले, "दोन महिने तुझं कार्ड नाही आलं." पिशवीतून ज्वारीच्या भाकरी काढल्या, मिरचीचा ठेचा काढला, भाकरी थोड्या ओल्या झाल्या होत्या. आम्ही तिघं जेवलो, माझी बायको, मी आणि ते. मग ते खाटेवर झोपले. मला वाटलं, उठल्यावर विचारतील. उठले आणि म्हणाले, कुणी आजारी आहे का गावात? आम्ही दोघं एका लकवा झालेल्या माणसाकडे जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टिनाचा एक खिळा उचकटलेला दाखवला, तो आम्ही ठोकला. माझ्यावर ज्या टिनांचा आळ होता, तीच टिनं.

तिसऱ्या रात्री मी स्वतःच पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं नाही. म्हणाले, "द्यायचं तर दे. पण पोळा होऊ दे. पावसाच्या झडीत आणि उपाशीपोटी असं पत्र टाकायचं नसते." मग बॅटरीच्या उजेडात २ करिंथ ७:५-६ वाचलं, फक्त दोन ओव्या, आणि पुस्तक मिटलं. प्रार्थना केली ती लकव्याच्या माणसासाठी केली. सकाळी निघून गेले.

पोळा झाला. पत्र मी टाकलं नाही. त्या गावात आणखी चार वर्षं काढली. भाऊ, तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो, मंडळी वाढली नाही. मी निघालो तेव्हा रविवारी १४ माणसं बसत होती. आळ घेणाऱ्याने माफी मागितली नाही. फक्त दर डिसेंबरात त्याच्या घरून तुरीच्या हिरव्या शेंगांची पाटी यायची. पोरगं पाटी ओसरीवर ठेवून पळून जायचं, कुणी धाडलं ते सांगायचं नाही. आम्ही शेंगा उकडून खायचो.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव तुम्हाला माहीत आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपूरला आले. १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या पाण्यात बुडून गेले. बुटीबोरीच्या बाजूलाच आहे ते टाकळघाट. तुमची ती सून राहते त्याच पट्ट्यात. त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं १८८३ ला. मधली वीस वर्षं. अडाणच्या पुराने माझं पत्र अडवलं, आणि हिस्लॉप पुरातच गेले. या दोन्हींचा हिशोब मला जुळवता येत नाही आणि मी तो जुळवायचा प्रयत्नही सोडला आहे. १ करिंथ १५:५८ म्हणतं की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. ते कधी दिसतील, हे त्या ओवीत नाही.

जिनिंगचं काम घ्या. त्यात दोन मतं नाहीत. पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता, प्रेषितांची कृत्ये १८:३. त्याच अध्यायात, त्याच गावात, प्रभू त्याला रात्री म्हणाला, भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. हातावर सुईचे घट्टे असलेल्या माणसाला हे सांगितलं गेलं, आणि तो तिथे दीड वर्ष राहिला. लोक म्हणतील तर म्हणू द्या. काट्यावर कापसाच्या गाड्या लागतील, रात्र रात्र शेतकरी रांगेत बसतील. त्यांच्यासोबत चहा प्या. एक अट मात्र पाळा : रविवारची सकाळ आधीच मागून घ्या, आणि रात्रपाळी घेऊ नका. तुमची झोप आधीच गेलेली आहे.

ज्या शहरातल्या मंडळीची मदत थांबली, त्यांना एक साधं पत्र लिहा. रागाचं नको आणि विनवणीचंही नको. मार्चपासून मदत आली नाही, काही अडचण आहे का, एवढंच. कधी खजिनदार बदलतो आणि यादी हरवते. कधी खरोखर पैसा नसतो. काहीही असो, विचारल्याशिवाय मनात कुढत बसू नका.

ज्या घरचे वडील गेले त्यांच्याकडे जा. बायकोला सोबत न्या. मी तापात होतो हे त्यांना सांगा, पण नंतर सांगा. आधी म्हणा, मी उशिरा आलो. ते ऐकतील की दार लावतील, मला ठाऊक नाही. माझ्यासाठी तर कुणी दार उघडून बोललं नाही, शेंगा आल्या.

आणि मुलीला उत्तर द्या. दहावीची पोरगी असं विचारते तेव्हा ती बापाचा चेहरा पाहत असते. तिला सांगा की बाबा थकले आहेत, दवाखान्यात जाणार आहेत, हंगामापुरतं काम घेणार आहेत, आणि इथे का राहिले हे तिला एका रात्री सावकाश सांगतील. तोवर तुम्हालाही ते आठवून ठेवावं लागेल. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा त्या गावात उतरलात तो दिवस कोणता, कुणी पाणी दिलं, पहिली उपासना कुणाच्या ओसरीवर झाली, हे सगळं त्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढा. संदेशासाठी नाही, तिच्यासाठी.

शास्त्र उघडल्यावर नुसती अक्षरं दिसतात म्हणालात. मग या महिन्यात जास्त उघडू नका. स्तोत्र ४२ घ्या, रोज एकदा, मोठ्याने. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" त्यात माणूस देवाशी बोलतो तसा आपल्या जिवाशीही बोलतो, आणि एकदा विचारून भागत नाही म्हणून तेच परत विचारतो. तेही जमलं नाही तर मुलीला वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.

तुमचा पत्ता संपादकांकडून घेतला आहे, रागावू नका. मी आता अमरावतीजवळ मुलाकडे राहतो. हा अंक तुमच्या हातात पडेल त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो, यवतमाळला बदलून वणी, तिथून पुढे जी मिळेल ती. संध्याकाळपर्यंत पोचेन. फाट्यावर कुणाला पाठवू नका, रस्ता विचारत येईन. दोन रात्री राहीन. मुक्कामाला काही वेगळं करू नका, भाकरी मी आणतो, वहिनींना म्हणावं फक्त वरण टाका, त्या काकांच्या डाळीचं. चहा बिनसाखरेचा. आणि घरात कुठे खिळा उचकटला असेल तर तसाच राहू द्या.